धुण्याचा सोडा, दहा पाणी

अंबडच्या स्टँडवर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. पोरीची आज दहावीच्या विज्ञानाची फेरपरीक्षा. उरलेल्या लग्नपत्रिका कापून तिनं पत्ते केलेले, एका अंगाला नाव, दुसऱ्या अंगाला सूत्र. आई पत्ता धरायची, पोर नाव वाचून सूत्र सांगायची. मला चौथीच्या पुढचं कळत नाही, पण कान माझे शाबूत आहेत.

“खायचा सोडा. एन ए एच सी ओ थ्री.”

“आलं. पुढचं.”

“धुण्याचा सोडा. एन ए टू सी ओ थ्री, अन् पाच पाणी.”

“न्हाई आलं. बाजूला ठेव.”

“आलं की, आई. बिलकुल बराबर हाय.”

“पत्ता उलटून पाहा.”

“दहा पाणी… पण तुला तर वाचता येत न्हाई. कसं कळलं?”

“येत नसलं की तू वेणी धरतीस.”

“पेपराला कोण वेणी बघतंय?”

“कुणीच न्हाई. म्हणून आत्ता मी बघून राह्यले. या बारीला राह्यलीस तर तुझा बाप अकरावीला घालत न्हाई. सोड वेणी. सांग, धुण्याचा सोडा.”

“एन ए टू सी ओ थ्री, दहा पाणी.”

“आता माझंबी पाठ झालं. पुढचं.”