मोहाखालची आग

नाई भाऊ, हे मी नाई म्हणणार – बसा, उठू नका, चहा घ्या – पण भरल्या बैठकीत उभी राहून मी म्हणू का, की आग माह्या माणसानं नाई लावली, रस्त्यावरच्या गाडीवानाच्या बिडीनं लागली? काऊन म्हणू? माह्या डोळ्यानं पाह्यलं ना मी! तुम्ही माजरीच्या खाणीतून एवढ्या दुरून आले, देवाजीभाऊ, त्याईच्या संग एका खोलीत राहता, तसं म्हणलं तं घरी परत येतो असा त्याईचा निरोप आणला – तुमचा मान आहे. निरोपाचा नाई.

खाणीत राहून तुम्ही विसरले असाल, म्हणून सांगते. मोहफुलं गळायच्या आधी आम्ही झाडाखालचा पाला पेटवून देत होतो. जमीन साफ झाली का फूल चटकन दिसते, टोपली लवकर भरते. आजीनं केलं, मायनं केलं, मीही केलं. पण त्या आगीत मोहाची पोरं जळतात ना – पोरं म्हणजे रोपटी हो! टेकडीवर सारी म्हातारी झाडं उभी, त्याईच्या खाली पोटचं एक नाई. ती पडली का मंग वेचायचं काय, गोटे? म्हणून तीन सालांमागं, चौऱ्याऐंशीच्या होळीले, गाव बसलं. विहारापुढं जमिनीवर राखेनं टेकडी काढली, नाला काढला, अन् ठरवलं – नाल्यापासून माथ्यापर्यंत आग बंद, गुरं बंद, कुऱ्हाड बंद. सरकारनं नाई सांगितलं, आमचं आम्ही ठरवलं. सरकार तं सागवानाच्या रांगा लावून जाते अन् त्याले जंगल म्हणते! हसता काय? आता जाऊन पाहा नाल्याकडे – मोह आहे, चारोळी आहे, टेंभरं आहे, गुडघ्याएवढं झालं सारं. रानकोंबडी पिलं घेऊन फिरून राह्यली. अस्वलही येते, फुलं खाऊन जाते – खाऊ दे, त्याचंही पोट आहे.

अन् तिथीच आग. गेल्या साली पहाटे मी टोपली घेऊन गेली, तं आमच्या झाडाखाली धूर, अन् धुरात हे उभे, हातात जळती फांदी. ओल्या पाल्यानं झोडपून झोडपून विझवली आम्ही दोघांनी, पण वरचा तुकडा पार काळा झाला. दुपारी गाव बसलं. बैठक चालवणाऱ्या बापूरावभाऊनं विचारलं, कोणी पाह्यलं का? हे तं खाली पाहून काडीनं जमिनीवर रेघा ओढत बसले. मी उठली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाई, तुम्हाले माहीत आहे. लग्नात दार अडवलं तेव्हा घेतलं होतं, बस. अन् त्या दिवशी साऱ्या गावात म्हणलं – हरिदासनं लावली. ते माह्याकडे पाहत राह्यले. रागानं नाई हो, रागानं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी थैली उचलली अन् माजरीची गाडी धरली.

काऊन लावली म्हणता? तुम्हाले नाई सांगितलं त्याईनं? मंग मी काऊन सांगू. – माही कंबर. झालं? पाल्यातून एकेक फूल शोधायचं म्हणजे दिवसभर वाकून राहावं लागते, घरी येऊन मी कण्हत होती, ते आयकत होते. माह्यापुरती जागा साफ करायले गेले, अन् माह्यासाठी लावली त्याचंच मी नाव घेतलं! मले गोड वाटलं का? पण कंबर साऱ्याच बायांची दुखते, भाऊ. साऱ्याईच्या नवऱ्यानं असं पेटवलं तं राह्यते काय टेकडीवर?

दंडाची लाज वाटते म्हणे त्याईले! दंड काय होता – जाळणाऱ्यानं रोज सकाळी टेकडीभोवतीचा पट्टा झाडायचा, पाला राह्यला नाई का आग आत शिरत नाई. एवढंच. हे तं निघून गेले. मंग कोण झाडून राह्यलं इतके दिवस, भूत? – त्या खराट्याकडे काय पाहता, आंगणाचा आहे तो. – आंगणाचाच. – बरं, मी झाडते! घराचा दंड आहे, घरात मी आहे. कंबरेचं विचारू नका. अन् त्याईले तं बिलकुल सांगू नका, आयकलं का तसेच धावत येतील, अन् मले तसं, कीव येऊन आलेलं, नाई पाह्यजे –

काय? कुठी? फाट्यावर?

हे तुमच्या संगच आले? अन् इतका वेळ तिथी बसून आहेत, उन्हात?

घ्या. हा खराटा घ्या. त्याईच्या हाती द्या. म्हणा, आजचा पट्टा झाला, उद्यापासून त्याईचा. घर त्याईचं आहे, दार मी लावलं नाई. पण मागच्या पांदणीनं नाई यायचं – खराटा हातात धरून, विहारापुढून, साऱ्या गावादेखत या म्हणा. – जा आता. जा म्हणलं ना!