मोगरीची निशाणी

आमी खडकीचे परीट. तिथं गोऱ्यांची पलटन व्हती, तोफखाना व्हता, आन् त्या गोऱ्यांचे कपडे धुवायचं काम आमच्या घरान्याकडं, पार राणीच्या राज्यापासनं. माझं नाव कुसुम. माहेरीबी परीट, सासरीबी परीट. मालक वारले, मग लेकानं, निलेशनं, मला इकडं अमेरिकेत आनलं, श्रूजबरीला. दोन हजार एकचा उन्हाळा व्हता, आन् मी आल्यावर थोड्याच दिवसांत ते न्यूयॉर्कचं झालं. काय सांगू तुमाला ताई, तवापासनं कुनी गोरा दोनदा माझ्याकडं बघायला लागला की मी रस्ता बदलायची.

घरात बसून करमंना. मग जवळच्या ड्रायक्लीनरच्या दुकानात शर्ट प्रेस करायला लागले. निलेशला न्हाई आवडलं. आई, माझे ऑफिसमधले लोक तिथं कपडे देतात, म्हनाला. मी म्हनलं, देऊ देत की, कॉलर चांगली करून देते त्यांची. आता तुमीच सांगा, हातात कला हाय ती काय विमानतळावर ठेवून यायची?

तर दोन हजार सहामधली गोष्ट. एक म्हातारा यायला लागला दुकानात. वॉल्टर नाव. शाळेत मास्तर व्हता, रिटायर झालेला. एकच शर्ट आनायचा, आन् परत दोन दिवसांनी एकच शर्ट. मला तितंच संशय आला, एकटा मानूस, एवढे शर्ट घालतो कुटं? एक दिवस विचारलं त्यानं, तुमी पूना जवळच्या किरकीच्या का? खडकीला गोरे किरकी म्हनायचे. मी म्हनलं, नो. का म्हनून सांगायचं? मग म्हनाला, तुमच्या वडलांचं नाव काय? झालं. मी आत गेले ती बाहेरच आले न्हाई, म्हनलं हा नक्की इमिग्रेशनचा मानूस हाय.

घरी सांगितलं तर निलेश माझ्या वरताण. आई, तू काही साइन करू नकोस हं, नाव, जन्मतारीख, काही सांगायचं नाही, हे लोक असंच गोड बोलून आयडेंटिटी चोरतात. मला कळंना, चोरून काय करील? कुसुम परीट होऊन शर्ट प्रेस करील का?

म्हातारा मात्र सोडंना. पुढच्या खेपेला काउंटरवर एक डबी ठेवली, आत कापूस लावलेल्या काड्या. म्हनाला, गालात आतून फिरवून द्या, लॅबमध्ये टेस्ट करू. आता मानसाची थुंकी कुनी मागतं का हो? मी ती डबी तशीच त्याच्याकडं सरकवली आन् म्हनलं, शर्ट मंगळवारी.

मंगळवारी आला तवा डबी न्हवती. हातात एक कागद व्हता, जुन्या कागदाची झेरॉक्स. म्हनाला, थुंकी नको, सही नको, फक्त हे चित्र कशाचं हाय एवढं सांगा, मी किती लोकांना विचारलं, कुनी म्हनतं बाटली, कुनी म्हनतं बॅट. मला बघायचं न्हवतं. पन डोळे गेले. आन् ताई, मी तो कागद त्याच्या हातातनं वढूनच घेतला. इंग्रजी मजकुराच्या खाली, सहीच्या जागी, मोगरी काढलेली. कपडे बडवायची आमची मोगरी. पूर्वी ज्याला लिहिता येत न्हाई तो आपल्या धंद्याची निशाणी काढायचा, कुनबी नांगर काढायचा, परीट मोगरी. आन् ह्या मोगरीच्या पोटात दोन ठिपके व्हते. ते दोन ठिपके आमच्या घरचे, दुसऱ्या कुनाचे न्हाईत. माझा बाप कपड्यांच्या कोपऱ्यावर बिब्ब्यानं हीच खूण करायचा, लोकांचे कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हनून.

मी विचारलं, हे तुज्याकडं कुटनं आलं? चोरलं का? तर म्हनाला, तुमी पूनाकडच्या असं दुकानात कळलं तवापासनं विचारायचं व्हतं, हे माझ्या पणजीच्या पेटीत व्हतं. तिचं नाव ग्रेस, पन लग्नाच्या आधी गॅंगा.

गंगू! आमच्यात गंगूची गोष्ट लहानपनापासनं ऐकलेली. माझ्या पणजोबाची बहीण, मुळा नदीच्या धारेत बुडाली, अंगसुद्धा सापडलं न्हाई. आमच्या आजीनं किती वेळा सांगितलं, पान्यात लांब जाऊ नका, गंगू गेली तशी जाल.

मी त्याला कागद वाचायला लावला. संध्याकाळी निलेशलाबी वाचायला लावला, म्हाताऱ्यानं खोटं वाचलं असंल तर? दोघांचं एकच आलं. टॉमस नावाचा तोफखान्यातला शिपाई. त्याला पलटनीचे कपडे धुनाऱ्या गंगूशी लग्न करायचं व्हतं. पाद्र्यानं मुलीच्या बापाला बोलावलं, तुजी संमती हाय का? बाप म्हनाला, मला मुलगीच न्हाई, व्हती ती नदीत मेली. आन् पाद्र्यानं तसं लिहून घेतलं, आन् बापानं खाली मोगरी काढली. ती जिती, बाहेर उभी असंल हो! पुढचं वॉल्टरनं सांगितलं. तिनं तो कागद टाकला न्हाई, खडकीतनं विलायतेला नेला, तिथनं इथं. नवरा इथल्या गिरणीत लागला, ही गिरणीच्या सायबांचे शर्ट धुवायची. पाच लेकरं झाली तिला.

निलेश वाचता वाचता थांबला. आई, म्हनाला, म्हणजे आपल्याच लोकांनी खोटं सांगितलं. इतके दिवस मी त्या म्हाताऱ्याकडं चोरासारखं बघत व्हते.

खडकीला भावाला फोन केला. तो म्हनाला, आक्का, त्या गोऱ्याला जागेत हिस्सा पाहिजे असंल, तू कायबी कबूल करू नको. मी म्हनलं, अरे आपल्याकडं दोन खोल्या, त्यात हिस्सा काय मागनार? तर म्हनाला, बुडाली म्हनजे बुडाली, आता पोरांच्या लग्नाच्या वेळेला हे नको. फोन ठेवला त्यानं.

ह्या उन्हाळ्यात, दोन हजार आठला, निलेशनं ड्राइव्ह केलं, वॉल्टरनं रस्ता दाखवला, दवाखान्यामागची दफनभूमी हाय तिथं. दगडावर लिहिलंय, ग्रेस, टॉमसची बायको. बस. गावाचं नाव न्हाई, बापाचं तर कसं असंल? मी बांगड्या नेल्या व्हत्या हिरव्या, त्या ठेवल्या. कुंकू लावलं दगडाला. वॉल्टरनं विचारलं, काय बोलता तिच्याशी? मी म्हनलं, माहेरचं मानूस आलंय एवढं सांगितलं.

थुंकी मी अजून दिली न्हाई त्याला, आन् देनारबी न्हाई, लॅबवाल्यांचं काय सांगावं? पन त्याचे शर्ट मीच करते, दुसरीला हात लावू देत न्हाई. तुमी लिहिताय ना, तर तिचं नाव नीट लिहा. गंगू लिहा. देव तुमाला औक्ष देवो, आन् हो, लिहिलेलं मला एकदा वाचून दाखवा बाई, मगच पुढं द्या.