सहा जणांत वाटलेला भूतकाळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या काच कारखान्याचे व्यवस्थापक माननीय लेलेसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या आमच्या फ्रेंचच्या गुरू कुसुमताई, उत्सवमूर्ती मन्सूर, त्याच्या मातोश्री खातूनबी, आणि पहिली पाळी संपवून घरी न जाता इथे आलेल्या बंधुभगिनींनो,

मन्सूर परवा बोटीने फ्रान्सला निघणार आहे. बाटल्यांच्या नव्या यंत्राचं काम तिथे सहा महिने शिकेल आणि परत येऊन आपल्याला शिकवेल. त्याला निरोप देण्याचा मान साहेबांनी मला दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. भट्टीवरचा सर्वांत जुना माणूस म्हणून हा मान मला मिळाला, असं साहेब म्हणाले. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण सभागृहात काही जण आत्ताच हसू लागले आहेत, तेव्हा ते मीच सांगतो. फ्रान्सला मी जाणार होतो. निदान पिंपरीपासून चिंचवडपर्यंत मी तसं सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्या सौभाग्यवती शालनबाईंनी तर बोटीवर टिकतील असे लाडूही करून ठेवले होते.

आता हे घडलं कसं? यंत्र बसवायला आलेले फ्रेंच इंजिनिअर, मुस्यू पेरें, आपल्यातल्या एकाला निवडणार होते, आणि तेही फ्रेंचमधून मुलाखत घेऊन. म्हणून कुसुमताई कँटीनमध्ये संध्याकाळी आम्हा सहा जणांचा वर्ग घेऊ लागल्या. मुस्यू तुम्हाला विचारणार, पूर्वी काय काम करत होता, म्हणून अपूर्ण भूतकाळ पक्का करा, असं ताईंनी बजावलं. मी करत होतो, तू करत होतास, तो, आम्ही, तुम्ही, ते. एका क्रियापदाची सहा रूपं, आणि क्रियापदं तर ढीगभर. दिवसभर भट्टीपुढे भाजून निघालेल्या माणसाने हे पाठ करायचं कधी?

तेव्हा या डोक्यातून एक युक्ती निघाली. आपण बाटली कशी काढतो? एक जण काच घेतो, दुसरा फुंकतो, तिसरा तोंड वळवतो. सगळी बाटली एकटा करतो का कुणी? मग क्रियापदानेच काय घोडं मारलंय? आम्ही सहा जण, रूपं सहा. एकेकाने एकेक वाटून घेतलं. वयाने मोठा म्हणून 'मी' मी घेतलं. अकबरने 'तू' घेतलं, चिमाजीने 'आम्ही'. मन्सूर सर्वांत धाकटा, त्याच्या वाट्याला उरलेलं 'ते' आलं. वाटणीत तो कधीच काही बोलत नाही.

वर्गात आमची गाडी अशी धावायची की बास! ताईंनी क्रियापद टाकलं की या टोकाकडून त्या टोकापर्यंत सहा रूपं खडाखडा. ताई खूश. त्यांनी साहेबांना आमचं कौतुक कळवलं.

मुलाखतीला मात्र मुस्यूंनी एकेकाला आत बोलावलं.

अकबरला त्यांनी विचारलं, पूर्वी काय करत होतास? तो म्हणाला, तू कोळसा ओढत होतास. मुस्यू जरासे दुखावले. चिमाजीला लग्नाबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, आम्ही लग्न करत होतो. किती जण, असं त्यांनी विचारलं म्हणतात.

माझी मुलाखत उत्तम झाली. मी भट्टी पेटवत होतो, मी साचे बदलत होतो, मी यंत्र दुरुस्त करत होतो. एकही अडखळ नाही. शेवटी मुस्यूंनी विचारलं, आणि बाकीचे काय करत होते? या प्रश्नाला माझ्याकडे क्रियापद नव्हतं.

मन्सूरकडे दुसरं काहीच नव्हतं. ते भट्टी सांभाळत होते, ते जेवण सोडून थांबत होते, ते नव्या माणसाला शिकवत होते. आणि तू? असं विचारल्यावर हा नुसता हसला. मुस्यूंनी तिथल्या तिथे त्याचं नाव सांगितलं.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लाडू आम्ही घरीच खाल्ले, तेही मुकाट्याने.

वाटणीचा प्रकार कळल्यावर ताई जाम संतापल्या. त्यांनी निकाल दिला, आता मन्सूरला मी एक अक्षर शिकवणार नाही, ज्याने जे रूप घेतलं त्यानेच ते त्याला द्यायचं. बाकीच्यांनी दिलं. मन्सूर माझ्याकडे काही येईना. भाऊंचं मन दुखावलंय, त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ, असं तो घरी म्हणत होता. आणि मीही त्याला हाक मारत नव्हतो.

शेवटी खातूनबीच माझ्या घरी आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "ज्योतीराम, तिकडं पोराच्या पोटात दुखाया लागलं, तर डागदरला काय सांगंल त्यो? त्यांच्या पोटात दुखत हुतं?"

मी त्याच संध्याकाळी मन्सूरला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, महिनाभर तरी उस्तादी करायला मिळेल. पण 'मी'चं क्रियापद आणि 'ते'चं क्रियापद बोलताना अगदी एकसारखं निघालं! फरक फक्त क्रियापदाआधीच्या शब्दाचा. चहा निवायच्या आत शिकवणी आटोपली.

मग परीक्षा म्हणून मी त्याला सांगितलं, तुझ्या कामाबद्दल 'मी' घेऊन एक पुरं वाक्य बोल. तो खाली बघत फ्रेंचमध्ये म्हणाला, "मी ज्योतीरामभाऊंच्या हाताखाली काम शिकत होतो."

मी चूक शोधत बसलो. सापडली नाही.

मन्सूर, आता माझं ऐक. तिकडे कुणी विचारलं, हे काम कोण करत होतं, तर मान वर करून 'मी' म्हण. ते रूप मी तुला कायमचं देऊन टाकलं आहे.

अध्यक्षमहाराजांनी माझं लांबलेलं बोलणं घड्याळाकडे न बघता ऐकलं, कुसुमताईंनी मध्येच उठून माझं फ्रेंच दुरुस्त केलं नाही, आणि तुम्ही सर्व पाळीचा शीण विसरून बसलात, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. इतकं बोलून मी माझी जागा घेतो.