पप्पांची ओरिजिनल इटालियन गाडी

...नाही, तुम्हीच सांगा, जी गाडी जन्मली आपल्या देशात, गंजली आमच्या वाडीत, केळीच्या शेजारी, ती इटालियन कशी? पण आमचे पप्पा, ज्युलियस नाव त्यांचं, ऐंशी उलटली तरी आवाज असा की बावखलातले, म्हणजे वाडीतल्या तळ्यातले, बेडूक गप्प होतील... मला ओरडतात, "गॉडफ्रे! ओरिजिनल आहे ती!"

तुम्हाला सांगतो, दोन सीटची स्पोर्ट्स कार, लालभडक, टप उघडा. इटलीच्या कंपनीने नकाशे दिले, परवाना दिला, इकडच्या कारखान्याने ठोकून बनवली. आधी सुटे भाग पेट्यांतून तिकडून यायचे. मग सरकार म्हणालं, भागही इथेच बनवा. झालं! दिवे लॉरीचे, आरसा स्कूटरचा, इटलीचं राहिलं काय? नाव! पण पप्पांचं एकच... ओरिजिनल!

आता आमच्या घरात रीत अशी, की नवरीला बापाने स्वतः याच गाडीतून चर्चला न्यायचं. पप्पांनी माझ्या बहिणीला, क्लेमेंटीनला, नेलं होतं. आता माझ्या ब्रिटनीचं लग्न. एकुलती एक पोर हो! घरातून निघताना शेवटची दहा मिनिटं ती आणि मी, शेजारी शेजारी, मला बाकी काही नको होतं. आणि लग्न महिन्यावर आलं, नेमकी तेव्हाच गाडीने मान टाकली. कार्बोरेटर खलास!

फुलपाड्याचा मेकॅनिक हरेश म्हणाला, "काका, जीपचा बसवतो, जेवायच्या आत सुरू." "जीपचा?" पप्पा खुर्चीतून उठलेच. "माझ्या गाडीला? ओरिजिनलच पाहिजे!"

आता ओरिजिनल कुठे मिळणार? इटलीत. आणि वसईच्या माणसाचं इटलीत कोण असतं? फादर! माझा चुलतभाऊ फेबियन रोमला शिकतो. लग्न लावायला येणारच होता. त्याला फोन केला, तो बिचारा जुन्या बाजारात वणवण फिरला आणि आला घेऊन, रोझरीच्या माळांमध्ये गुंडाळून! मर्लिन, माझी बायको, म्हणते, "आता तर आशीर्वाद पण आहे त्याला."

आशीर्वाद होता हो, भोकं जुळत नव्हती! हरेशने वर धरला, आडवा धरला, उलटा धरला... इंजिन इकडचं, कार्बोरेटर तिकडचा, दोघं एकमेकांना ओळखच देईनात! मी हात जोडले, "पप्पा, जीपचा बसवू द्या ना." "नाही!" "मग भाड्याची गाडी आणतो." तर ब्रिटनी, आजोबांचीच नात ती, "मी आजोबांच्याच गाडीतून जाणार!" ओरिजिनल हट्ट... हा मात्र शंभर टक्के इकडचा!

लग्नाचा दिवस. गाडी बंदच, ढकलत न्यायची ठरलेली. बँड दारात, गाडीला फुलं, नवरी बसली. मी कोट सावरत स्टिअरिंगकडे निघालो, तर तिथे पप्पा! टाय लावून! "बंद गाडीचं स्टिअरिंग जड असतं, तुला जमायचं नाही. तू ढकल."

ढकलली! नव्या सुटात, नव्या बुटात, बँडच्या तालावर! लोक टाळ्या कुणाला वाजवतायत? पप्पांना! ते हात हलवतायत, "ओरिजिनल आहे, ओरिजिनल!" चर्चपाशी ब्रिटनीने मागे वळून बघितलं, "डॅडी, दमलात?" मला रडूच फुटलं हो. लोकांना वाटलं, घाम.

आता काय बोलणार? रीत तर मोडली नाही. पोरीला चर्चला मीच नेलं... मागून!