साहेबाच्या दारात पायांचा ढीग

मी सापगावचा. आज्या-पणज्यापासून आमची भातशेती. शाळा दुसरीपर्यंत, त्यातली निम्मी गुरांमागं गेली. पाय घोणशीनं नेला. भात कापताना पेंढीखाली बसली होती, चावली, नि गुडघ्याखालचा पाय दवाखान्यातच ठेवून यावं लागलं. काय सांगू तुम्हाला, अख्खा गाव घरी आला बिचारा बिचारा करत, मी बोल्लो बिचारा तुमचा बा, पाय गेलाय, मी इथंच हाय. तेव्हापासून माझ्यासमोर तो शब्द कोण काढत नाय. लिहा हे.

तर सरकारी दवाखान्यात आमा अपंगांना तपासणी फुकट, गोळ्या फुकट, रबरी पायाचा पट्टा तुटला तर तोही शिवून मिळायचा. मग वरून हुकूम आला, फुकट बंद. वरून म्हंजे कुठून ते कोणाला ठावं नाय, आभाळातून पडला असंल. माझं काय, मी पट्टा सुतळीनं बांधला असता. पण आमच्यात यमुना होती, डोळखांबच्या वरच्या पाड्यातली, तिला फिट यायची. गोळी चालू तवर बाई नीट, नाचणी लावायची, मोळ्या आणायची. गोळी थांबली नि पडली ती चुलीवरच, डावा हात कोपरापर्यंत भाजला. कंपाउंडर तिला बोल्ला, बाहेर मेडिकलमधून घे. अरे बाहेरून घ्यायची ऐपत असती तर ती डोंगर उतरून तुझं तोंड बघाया आली असती का रे?

मग आमी गेलो सरकारी दवाखान्यांच्या मोठ्या साहेबाच्या कचेरीत, शहापूरचे, मुरबाडचे, कुबडीवाले, कॅलिपरवाले, आंधळे, भाजल्या हाताची यमुना, सगळे. आधी एक पुढारी आला, आमच्यात उभा राहून फोटो काढून घेतला नि गेला. लाज नसली का माणसाची तब्येत चांगली राहते.

साहेबाच्या दारात शिपाई. बोल्ला, चपला बाहेर काढा, आत गालिचा हाय. आता कॅलिपरला बूट जोडलेला असतो, तो काढायचा म्हंजे मांडीपासून सगळं लोखंड सोडाया लागतं. मुरबाडचा एक जण तेच सांगाया गेला तर शिपाई बोल्ला, नाटकं नकोत. मी बोल्लो गप रे, काढा, सगळं काढा, देवळात जातो तसं जाऊ. मी माझा पाय सोडला नि बुटासकट दारात ठेवला. बघता बघता ढीग झाला, कॅलिपर, कुबड्या, वर माझा रबरी पाय, नि आमी ढुंगणावर सरकत आत जाऊन गालिच्यावर बसलो.

साहेबानं खुर्चीत पाय वर घेतले, आमी काय उंदीर होतो? बोल्ला, निवेदन ठेवा नि जा. मी बोल्लो ठेवलं, आता जायाला पाय आणून द्या. शिपाई गेला तर कुणाचा कुठला त्याला कळंना, डाव्याला उजवा आणून देतोय, आमी हसतोय नि साहेबाला घाम. त्याला जेवाया जायचं होतं नि तो ढीग ओलांडायचा धीर होईना. नुसतं लोखंड नि रबर, पण हात लावील तर शपथ. असली माणसं आमच्या दुखण्याचं ठरवतात.

शेवटी यमुनेकडं बोट करून बोल्ला, या बाईच्या गोळ्या मी माझ्या खिशातून देतो, मग तर उठाल? आमच्यातले दोघं-तिघं उठायलाही लागले. यमुना उठली नाय. बोल्ली, साहेब, तुमची बदली झाली का मी परत चुलीत पडू का?

मग साहेबानं फोन लावला. येस सर, येस सर, असा वाकून बोलत होता का आमच्यातला कुबडीवाला त्याच्यापुढं ताठ दिसावा. दुपार कलली तवा बोल्ला, जा, अपंगांना पहिल्यासारखं मिळंल, सगळ्यांना. आमी गोळ्या यमुनेच्या हातात पडल्यावरच हाललो.

आता वय झालं माझं. नवा साहेब येतो, नवा हुकूम आणतो, परत बंद करतो, परत आमी जातो. लोक विचारतात, म्हाताऱ्या, कुठवर? मी बोलतो, यमुनेला गोळी लागते तवर. त्या पहिल्या साहेबाचं मी वाईट चिंतत नाय. देव त्याला धडधाकट ठेवो, हातपाय शाबूत ठेवो. आमच्या रांगेत एक दिवस काढायचा दम त्या माणसात नाय.