एकाच नंबरचे दोन पडदे

मंडळी, खोटं बोलणं पाप, हे शेंबडं पोरही सांगेल. पण नुसतं गप्प बसणं? विचारलंच नाही कुणी, म्हणून सांगितलं नाही — हे पाप की नाही? मागचे काका नाही म्हणून मान हलवतायत. हलवा, पण आधी ऐका!

येवल्यात मालनताई म्हणून एक बाई. घरात पैठणीचे माग. रेशीम रंगवायला यादवआबा, चाळीस वर्षं त्यांची भट्टी या घरासाठी पेटलेली. पूर्वी रंग ठरला की रेशमाची एक लड नमुना म्हणून आबांकडे जायची. आबा ती उन्हात धरायचे, ताडून बघायचे, मग रंगवायचे. पुढे आला लॅपटॉप! मालनताईंनी दोन घेतले. एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे. एक स्वतःला, एक आबांना. का? तर दोघांना रंग सारखा दिसावा! आता लड कशाला पाठवायची? फोटो पाठवला की झालं.

पहिलीच ऑर्डर नगरच्या एका नवरीची. तिला हवा मोरपंखी, लडी आल्या हिरव्यागार. पुन्हा रंगवल्या — पुन्हा हिरव्या! मालनताई तापल्या. विणकरांच्या देखत म्हणाल्या, "आबा, डोळे गेले तुमचे. तपासून घ्या."

आबा निमूट जाऊन तपासून आले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. पण बघा कसा माणूस! त्यांचा डॉक्टरवर विश्वास बसेना. "मालन कशाला खोटं बोलंल?" म्हणाले, आणि भट्टी विझवली.

इकडे मालनताईंना चैन पडेना. आपला लॅपटॉप उचलून त्या आबांकडे गेल्या, त्यांना चूक दाखवायला. दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले, तोच फोटो उघडला. मालनताईंच्या पडद्यावर मोरपंखी, आबांच्या पडद्यावर हिरवा!

मालनताईंनी तिथूनच लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस भारी गोड बोलणारा. "ताई, पडदे आम्ही दोन-तीन कारखान्यांतून घेतो, मिळेल तो बसवतो. दर्जा तोच असतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी विचारत नाही, ताई."

मालनताई त्याला फाडून खाणार होत्या. पण कुठल्या तोंडानं? कारण मंडळी, वर्षभर त्यांच्या पैठणीत जरही दोन ठिकाणची जात होती. नेहमीच्या व्यापाऱ्याकडची संपली की दुसऱ्याकडची. दर्जा तोच! गिऱ्हाइकाला सांगितलं होतं? छे. कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला. आबा दोन्ही पडद्यांकडे बघत होते. हळूच म्हणाले, "म्हंजे मला दिसतंय ना गं?"

"दिसतंय, आबा," मालनताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

त्याच बैठकीत त्यांनी नगरला फोन केला. रंगाचं सांगितलं, न विचारता जरीचंही सांगितलं. मग विणकरांना बोलावून सगळ्यांच्या देखत आबांच्या पाया पडल्या.

आता काका, बोला! कंपनी खोटं बोलली? नाही. नुसती गप्प बसली. पण ते गप्प बसणं येवल्यातल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर जाऊन बसलं. त्या कंपनीला आबांचं नावही ठाऊक नाही! आपणही असेच गप्प बसतो, दुकानात, हपिसात, घरात. म्हणून आज देवापुढं हात जोडाल तेव्हा एवढं आठवा — माझ्या न सांगण्यापायी कोण बिचारं स्वतःचे डोळे तपासून घेत फिरतंय? नाव आठवलं, तर इथूनच उठून त्याच्याकडे जा. आरतीला उशीर झाला तरी देव रागावणार नाही.