गुरुजींचा चार घासांचा काला

अध्यक्ष उकंडराव पाटील, व्यासपीठावरील डिप्टीसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे हेडमास्तर शेषराव गुरुजी, सौ. रुखमाबाई, सोनाळ्याचे ग्रामस्थ, आणि मघापासून रोडग्यांच्या वासाकडे लक्ष ठेवून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माणसाची विचार करण्याची रीत त्याच्या जेवणात दिसते, असा माझा बरेच दिवस समज होता. मधल्या सुट्टीत आम्ही मास्तर मंडळी ओसरीवर डबे सोडतो. अन्वर मास्तर आधी लोणचं चाखतात. गणितातही ते आधी उत्तर सांगतात, मग रीत. मी भाजी संपल्याशिवाय वरणाला हात लावत नाही. एका वेळी एकच विचार! आणि गुरुजी? भाकर, वरण, ठेचा, वर गुळाचा खडा, सगळं कुस्करायचं आणि चार घासांत डबा मोकळा.

रोजनिशीत मी लिहिलं, ‘विचारांचाही असाच काला.’ तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. सहा वर्षांपूर्वी हेडमास्तरकीसाठी गुरुजींचं नाव निघालं आणि कमिटीने माझं मत विचारलं. मी म्हणालो, “माणूस चांगला, पण विचारांत टापटीप नाही.” नेमणूक वर्षभर लांबली. हे आज इथे सांगणं शोभतं का? पण न सांगता हार घालणं तरी शोभलं असतं का?

परवा निमंत्रण द्यायला घरी गेलो, तर गुरुजी जेवत होते. वरण वेगळं, भाजी वेगळी, एकेक घास सावकाश! मी बघतच राहिलो. रुखमाबाई हसल्या.

“काऊन पाहून राह्यले मास्तर? घरी असेच जेवतात. घाई शाळेतच. घंटा झाली तरी तुमचं जेवण उरकत नाही, अन् पोट्टे धिंगाणा घालतात. तुमच्या वर्गावर बसाले नको कोणी? तुम्ही दिसले की हे मागच्या दारानं बाहेर!”

मंडळी, अकरा वर्षं मी वर्गात शिरलो की मुलं चिडीचूप. रोजनिशीत त्याचं कारण काय लिहिलंय, सांगू? ‘माझी शिस्त.’

गुरुजी, मी चुकलो.

काय म्हणता? “कमिटीले तुम्ही काय सांगितलं, मले तवाच कळलं होतं मास्तर. आटपा, रोडगे गार होऊन राह्यले”?

म्हणजे माहीत असूनही तुम्ही माझा वर्ग सांभाळत राहिलात!

आटपतो. आज पंगतीत तुम्ही सावकाश जेवा. पोरांकडे मी बघेन. माझा काला चार घासांत उरकेल.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन, तर रोडग्याबरोबर तेही पोटात घालावं.